घाटातल्या आक्काला कोणी ढकललं

माझ्या हातून चूक होत नाही. कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या डेंटल लॅबमध्ये कोणालाही विचारा. एकोणीस वर्षं मी कवळ्या बनवते. डॉक्टर साचा पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवते, आणि नाशिकमधली निम्मी आजोबा मंडळी माझ्या दातांनी चिवडा खातात. आणि राग? राग मला येतच नाही. आमचे धनराज सर नव्या मुलींना सांगतात, "सुवर्णाताईंकडे बघा. शेजारी बॉम्ब फुटला तरी त्यांची दाढ हलणार नाही."

हे सगळं मागच्या रविवारी दुपारी साडेतीनपर्यंत खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी लॅबच्या जिन्यावरून घसरून माझा घोटा मोडला. दोन महिने प्लास्टर. हर्षलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दिवाळीत स्वतःसाठी खेळायचं यंत्र घेतलं होतं. पण तो खेळायला बसला की दहाव्या मिनिटाला घोरतो. त्यामुळे ते यंत्र टीव्हीखाली तुळशीवृंदावनासारखं नुसतं पवित्र उभं होतं. प्लास्टरच्या चौथ्या दिवशी, छतावरच्या पंख्याची पाती मोजून झाल्यावर, मी ते लावलं. आत 'घाटवाट' नावाचा एक खेळ होता.

या खेळात आपण हरकारा असतो, म्हणजे जुन्या काळचा निरोप्या. पाठीवर पत्रांची थैली घेऊन सात घाट पायी ओलांडायचे. वाटेत दरोडेखोर, बिबटे, दरडी, धुकं. पहिल्याच दिवशी मी सोळा वेळा मेले. पण मेलं की खेळ संपायचा नाही. शुद्धीवर यायचो ते आक्काच्या झोपडीत.

आक्का म्हणजे घाटात एकटी राहणारी म्हातारी. समोरचे दोन दात पडलेले, लुगड्याचा रंग ओळखू न येणारा, आणि तोंड असं की बिबट्याने कान झाकावेत. चुलीपुढे भाकरी थापत ती म्हणायची, "आला का परत? त्या दरडीवर काय तुझं नाव लिवलंय?" तेव्हा कुठे डोळे उघडायचे. मग म्हणायची, "आधी खा. मेलेल्या माणसाला भूक नसती. तुला हाय, म्हंजी तू जिता हायेस."

दर वेळी काहीतरी वेगळं बोलायची. तिचं नवीन वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी कित्येकदा मुद्दाम कड्यावरून उडी मारली. हे हर्षलला अजून माहीत नाही.

खरं सांगायचं तर आई गेल्यानंतर मला एकेरीत रागावणारं कोणी उरलं नव्हतं. लॅबमध्ये मी ताई, सोसायटीत मॅडम. प्लास्टर बघायला येणारे सगळे फळं आणायचे आणि कॅल्शियमबद्दल बोलायचे. आक्का मात्र म्हणायची, "रडतो काय? पाय मोडला तर मोडला, जीभ तर मोडली नाय ना?" ते ती हरकाऱ्याला म्हणायची, मला नाही, एवढं मलाही कळतं. पण प्लास्टर माझ्या पायात होतं.

तर 'घाटवाट' खेळणाऱ्या मंडळींचा फोनवर एक गट आहे, तीनेकशे माणसांचा. दुसरा भाग येणार अशी बातमी आली तेव्हा त्या गटात सगळ्यांचा एकच प्रश्न होता, आक्का आहे ना? कंपनीने कळवलं, "आहे. आणि या वेळी तिची भूमिका मोठी आहे."

मागच्या रविवारी मी पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, सासूबाईंची औषधं डबीत भरून ठेवली, आणि बारा वाजता सोफ्यावर बसले. हर्षल म्हणाला, "एवढी तयारी तर तू माझ्या बहिणीच्या लग्नातही केली नव्हतीस."  पडद्यावर घाट दिसायला लागला होता.

पहिल्या दरडीखाली मी जाणूनबुजून गेले. धाडकन मेले. डोळे उघडले.

झोपडी नव्हती. तिथे दगडी खानावळ होती आणि दारावर पाटी होती, 'आक्काचे स्वयंपाकघर'. समोर एक बाई उभी होती. वय तीस-बत्तीस, काळेभोर केस, बत्तीसच्या बत्तीस दात. ते दात मी व्यवसायाच्या नजरेने पाहिले, एकही खरा वाटत नव्हता. ती विमानतळावर सूचना देतात तशा आवाजात म्हणाली, "स्वागत आहे, प्रवासी. आपली ऊर्जा वीसने वाढली आहे."

मी हर्षलला उठवलं. "ही कोण आहे?"

त्याने एक डोळा उघडून पाटी वाचली. "आक्का आहे की."

"ही आक्का नाही."

"मेकअप केला असेल," असं म्हणून तो परत झोपला.

मी स्वतःला समजावलं, पुढे खुलासा होईल. खुलासा झाला. तिसऱ्या घाटात कळलं की सगळ्या दरोडेखोरांची म्होरकी आक्काच आहे. पहिल्या भागात ज्यांनी मला शेकडो वेळा मारलं, ती टोळी तिची. दरोडे तीच घालायची. पाचव्या घाटात कड्याच्या टोकावर तिची माझी गाठ पडली आणि पडद्यावर अक्षरं आली, 'पुढे जाण्यासाठी ढकला.'

मी ढकललं नाही.

मागे फिरले, तर 'मागे रस्ता नाही'. थैलीतून भाकरी काढून तिला देऊ केली, तर 'ही वस्तू इथे वापरता येत नाही'. तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण बोलायचं बटणच काढून टाकलं होतं. शेवटी रिमोट सोफ्यावर ठेवला आणि नुसती बसून राहिले. चाळीस मिनिटं ती कड्यावर उभी आणि मी सोफ्यावर. तिचे केस वाऱ्यावर उडत होते, माझ्या डोक्यात वाफ साठत होती.

साडेतीनला सासूबाई चहा घेऊन आल्या. "जेवलीही नाहीस धड," असं म्हणत त्या शेजारी टेकल्या. नेमक्या रिमोटवर.

पडद्यावर माझे दोन्ही हात पुढे गेले आणि आक्का कड्यावरून खाली गेली. जाताना खदाखदा हसत गेली. मला वाटलं, माझ्या तोंडावर हसली.

"कोण पडलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

 एकोणीस वर्षं न आलेला राग एकदम आला, व्याजासकट.

सोमवारी त्याच डोक्याने मी कामावर गेले. मेण तापवत होते आणि मनात कंपनीशी भांडत होते. एका दाताबरोबर एक मुद्दा. निवृत्त मुख्याध्यापकांची कवळी होती. मंगळवारी ती ट्रायलला गेली आणि अकरा वाजता डॉक्टरांचा फोन आला.

"सुवर्णाताई, माणसाला वर सुळे किती असतात?"

"दोन."

"आमच्या गुरुजींना तुम्ही सहा दिलेत. ते आरशात बघून हसले आणि नर्स ट्रे टाकून बाहेर पळाली."

धनराज सरांनी कवळी परत मागवली, बराच वेळ हातात धरून पाहिली, आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही दोन-तीन दिवस घरी आराम करा." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी घरी पाठवलं. पण मला लाज वाटायला जागाच नव्हती, आत सगळा रागच भरला होता.

घरी येऊन कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं, "घाटवाट दोन आपल्याला आवडला हे वाचून आनंद झाला. आपल्या मित्रमैत्रिणींनाही सांगा."

सांगतेच, म्हटलं. फोन उचलला, खेळाच्या गटात आवाजी निरोप बोलायला सुरुवात केली, आणि बोलता बोलता रडू आलं. नंतर मी तो ऐकला, म्हणून शब्द पाठ आहेत: "आक्का गेली. तिला ढकलून मारलं. आणि कुठे, तर माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, सासूबाईंच्या हातून. मी शेजारी बसले होते, काही करू शकले नाही. पण ज्यांनी हे घडवून आणलं त्यांना मी सोडणार नाही."

खेळाच्या गटाचं नाव 'घाटवाट मंडळी'. आमच्या सोसायटीच्या गटाचं नाव 'घाटगे पार्क मंडळी'. माझे डोळे पाण्याने भरलेले होते, एवढंच सांगते.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या सासूबाईंना एक मोठी बहीण आहे. मनमाडला असते. नाव गोजराबाई, पण सगळं जग तिला आक्का म्हणतं. मागच्या गणपतीत त्या आमच्याकडे पंधरा दिवस राहिल्या होत्या आणि सोसायटीत पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळ्यांना शिस्त लावून गेल्या होत्या. त्यांना विसरलेला माणूस घाटगे पार्कमध्ये सापडणार नाही.

वीस मिनिटांत बेल वाजली. सासूबाई भोपळा चिरत होत्या, तशाच सुरी घेऊन दार उघडायला गेल्या. दारात आमचे सेक्रेटरी सावळीराम काका पांढऱ्या झब्ब्यात उभे होते, मागे आठ-दहा माणसं. सुरी बघून सगळी रांग एक पायरी खाली उतरली.

"विमलाताई," काका घसा साफ करत म्हणाले, "हे कसं झालं?"

दोन दिवस घरात एकच विषय चालू असल्याने सासूबाईंना वाटलं, सोसायटीलाही आता तोच विषय लागला. "काय सांगू," त्या म्हणाल्या. "मी आपली टेकायला गेले आणि ती गेली खाली. मुद्दाम केलं का मी? हिने परवापासून तोंड फुगवलंय."

"परवा?" मागून कोणीतरी म्हणालं.

"परवा दुपारी. चहाच्या वेळेला."

"आणि तुम्ही कोणालाच कळवलं नाहीत?"

"त्यात कळवायचं काय? हर्षल म्हणाला, बंद करून परत सुरू केलं की उभी राहील."

काकांनी भिंतीचा आधार घेतला. मी आतून धावत आले आणि सगळा खुलासा केला. खेळ, घाट, खानावळ, सुळे, सगळं. ऐकता ऐकता त्यांचे चेहरे सैल झाले, मग हसरे झाले. सावळीराम काका कपाळ पुसत म्हणाले, "हात्तिच्या. खेळातली बाई होय. एवढंच ना?"

हे 'एवढंच' मला ढकलण्यापेक्षा जास्त लागलं. मी म्हटलं, "एवढंच नाही काका. दोन महिने तुमच्यापैकी कोणी मला रागावलं होतं का?" हा प्रश्न त्यांना कळला नाही. मलाही नीट विचारता आला नाही. ते सगळे जिना उतरून गेले आणि खालून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

पण काकांनी वर येण्याआधीच मनमाडला फोन लावला होता, ते त्यांनी जाता जाता सांगितलं. फोन खुद्द आक्कांनीच उचलला होता.

"आक्का गेल्या, विमलाताईंनीच ढकललं म्हणे, फार वाईट झालं. नेणार कधी?" काका म्हणाले होते.

"कोण बोलतंय?"

"मी घाटगे पार्कचा सावळीराम."

"बरं. मी आक्का बोलतेय. मला तर कोणी काही कळवलं नाही."

भूतच बोललं असं वाटून काकांनी घाबरून फोन ठेवला होता.

बुधवारी सकाळी पहिल्या गाडीने आक्का नाशिकरोडला उतरल्या आणि रिक्षाने थेट आमच्या दारात. वय शहात्तर, पाठ ताठ. चप्पलही न काढता त्यांनी सासूबाईंना विचारलं, "विमल, मला ढकललंस म्हणे तू?"

पुन्हा पहिल्यापासून सांगणं आलं. मला वाटलं, याही 'एवढंच' म्हणणार. पण आक्कांनी मला पहिला भाग लावायला सांगितला, आणि मी दरडीखाली जाऊन मेले. झोपडी आली. "आला का परत?" म्हातारी कडाडली. आक्का पुढे सरकून ऐकत राहिल्या. मग मी दुसरा भाग लावला. "स्वागत आहे, प्रवासी."

आक्कांनी चष्मा काढून पुसला. "हे चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "कुठे बसतात ही माणसं?"

एवढ्या दिवसांत माझ्या बाजूने बोललेलं हे पहिलं माणूस.

कंपनी नाशिकमध्येच, गंगापूर रोडला निघाली, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दोन खोल्या. मला वाटलं होतं काचेची इमारत असेल. तिथे सहा टेबलं, वायरींचा गुंता आणि एकच मुलगा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. नाव राज. दोन्ही भागांची गोष्ट यानेच लिहिली होती. मागे भिंतीवर जुन्या आक्काचं मोठं चित्र होतं, दोन दात पडलेलं.

मी बसले नाही. उभ्यानेच कागद काढला आणि तेवीस मुद्दे वाचले. माझा आवाज खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला असावा, कारण मधेच तो वर डोकावून गेला. "जिने शेकडो वेळा जीव वाचवला तिला दरोडेखोर करताना तुझा हात थरथरला कसा नाही? म्हातारीची तरुण कशासाठी केलीस? तिच्या तोंडून 'लय' नि 'नाय' काढून घेतलंस, मग तिच्याकडे राहिलं काय? आणि आमच्याच हातांनी ढकलायला लावलंस."

प्रत्येक मुद्द्याला तो म्हणत होता, "बरोबर आहे, काकू."

समोरचा 'बरोबर आहे' म्हणायला लागला की भांडणाऱ्याने जायचं कुठे? माझा पारा आणखी चढला. "बरोबर आहे तर केलंस कशाला?"

"ते सांगता येणार नाही. शब्द दिलाय मी." त्याने संगणकाकडे बोट केलं. "चार हजार लोकांनी शिव्या दिल्यात. बाकीचे तीन जण फोन बंद करून गावी गेलेत. पण शब्द दिलाय."

इतका वेळ आक्का चित्र बघत होत्या. त्या वळल्या. "कोणाला दिलास शब्द?"

"आज्जी, नाही सांगू शकत."

"हे बघ बाळा. कालपासून मी मेलेली आहे. अर्ध्या घाटगे पार्कने माझ्यासाठी पांढरे कपडे इस्त्री केले. मेलेल्या बाईला सांगायला हरकत नसते."

राजने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि एकदम मलूल झाला. आक्काचा खरा आवाज चिमणाबाईंचा, तो म्हणाला. सिन्नरच्या पुढे एका गावात त्यांचा फुलांचा मळा आहे. नाशिकच्या फुलबाजारात तो एकदा झेंडू घ्यायला गेला होता, आणि फुलं दाबून बघायला लागला. तेव्हा त्या ओरडल्या, "वांगं हाय का ते, दाबतो कशाला?" तो हरखून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, आणि पुन्हा ओरडा खाऊन आला. अशी आक्का तयार झाली.

"मग तिलाच का नाही घेतलं परत?" मी ओरडले.

"तुम्ही त्यांनाच विचारा," असं म्हणून त्याने कागदावर गावाचं नाव लिहून दिलं.

मला सगळं कळलं. या लोकांनी त्या गरीब बाईला वाऱ्यावर सोडलं होतं. आता मी माझ्यासाठी भांडणार नव्हते, तिच्यासाठी भांडणार होते. महामार्ग स्टँडवरून सिन्नरची एसटी, तिथून गच्च भरलेली जीप. आक्का पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी मागे एका पोत्यावर. वाटभर वाक्यं जुळवत होते. न्याय, अपमान, कलावंत, अशी.

मळ्यात झेंडू छातीपर्यंत आला होता. माणूस कोणी दिसेना. तेवढ्यात सरीतून आवाज आला, "कोण हाय तिकडं? बांधावरून चाला, फुलं तुडवू नका."

 तोच आवाज. दोन महिने याच आवाजाने मला जेवू घातलं होतं. झेंडूतून एक काटक म्हातारी वर आली, कमरेला फुलांची ओटी. तिचे मात्र सगळे दात जागेवर होते. मला बोलायचं होतं न्याय, आणि तोंडातून हुंदका आला.

"आता ही का रडती?" तिने आक्कांना विचारलं.

"तुम्हाला मारलं म्हणून," आक्का म्हणाल्या.

बांधावर बसून मी सगळं सांगितलं. तुमचा आवाज काढून घेतला, तुम्हाला दरोडेखोर केलं, कड्यावरून ढकलून दिलं. तुम्ही म्हणाल तर मी तीनशे माणसं गोळा करते, कंपनीच्या दारात बसते.

चिमणाबाई फुलं निवडत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बाई, मीच सांगितलं की त्याला. मला ढकल म्हणून."

"तुम्ही?" मी म्हटलं.

"मग काय करू? त्या खेळापायी गावातली पोरं रोज या बांधावरून मुद्दाम पडतात. पडायचं आन् वर माझ्या तोंडाकडं बघत बसायचं, मी काय बोलती म्हणून. दोन सऱ्या झेंडू लोळवला त्यांनी. मोठी माणसं बी यायला लागली, पार पुण्यावरनं. आन् ती आवाजाची खोली. मे महिन्यात पंखा बंद करून बसवलं मला, आवाज येतो म्हणं. 'आला का परत' हे साठ येळा म्हणलं मी, साठ तऱ्हेनं. राजला म्हणलं, पोरा, आता माझ्याच्यानं व्हायचं नाय. आक्काला मारून टाक. पण माझं नाव घेऊ नको, नायतर हात जोडायला लोक इथं येतील." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आलेच."

"पण दरोडेखोर?" मी क्षीण आवाजात म्हटलं. "तिला दरोडेखोर कशाला करायचं?"

"ते बी मीच सांगितलं." आता त्या पहिल्यांदा हसल्या. "सगळा जलम ती म्हातारी त्या झोपडीत भाकरी थापीत बसली. येणारा जाणारा खातो आन् निघून जातो. मी म्हणलं, मरायच्या आधी येकदा तरी तिला दरोडा घालू दे. घोड्यावर बसू दे. केस काळे कर तिचे, दात दे सगळे. पोरगं नाय नाय म्हणत होतं, रडायला लागलं होतं. मी म्हणलं, आक्का माझी हाय का तुझी?"

माझ्या तेवीस मुद्द्यांपैकी एकवीस त्या जागीच गेले. पाटी आणि ऊर्जा राहिली, ती मात्र राजचीच होती आणि तिच्याबद्दल माझा राग अजून कायम आहे.

"बरं, ते सांग," चिमणाबाई जवळ सरकल्या. "मी काय तो खेळ बघितला नाय. पडताना ती रडली का?"

"नाही," मी म्हटलं. "हसत पडली."

"मोठ्यानं?"

"खदाखदा."

"मंग ठीक हाय," त्या समाधानाने म्हणाल्या. "रडायचं नाय असं बजावलं होतं मी त्याला. आन् दरोडा? दरोडा कसा झाला?"

दरोड्याच्या वेळी मी रागाने उशीत तोंड खुपसून बसले होते. पण त्यांचे डोळे असे लकाकत होते की मी आयुष्यात पहिल्यांदा न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन केलं. घोडा पांढरा सांगितला. तलवार दोन्ही हातांत दिली. चिमणाबाई फुलं निवडायच्या थांबल्या, आक्काही कान देऊन ऐकत होत्या. मग आम्हा दोघींना त्यांनी एकेक टोपली दिली आणि म्हणाल्या, नुसतं बसून काय करताय. ऊन उतरेपर्यंत आम्ही झेंडू तोडला. मी देठ लांब ठेवला म्हणून दोनदा बोलणी खाल्ली. खरंच सांगते, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ आक्का आणि मांडीवर झेंडूची पिशवी घेतलेली मी. राग गेला नव्हता, पण त्याला बसायला कोणी जागाच देत नव्हतं. राजवर रागवावं तर तो शब्दाला जागला होता. चिमणाबाईंवर तर प्रश्नच नाही. राहता राहिले मी, आणि तो आवाजी निरोप, आणि उद्या ज्यांची माफी मागायची ते मुख्याध्यापक.

सिन्नर मागे पडल्यावर आक्का खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चाळीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी भाकऱ्या थापल्या. कोणी विचारलं नाही मला, आक्का, तुला काय पाहिजे."

"विचारलं असतं तर?" मी म्हटलं.

"दरोडाच."

मी हसले. आक्का हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घोडा नको मला. मनमाड जंक्शनवर घातला असता. कोणती गाडी कुठल्या फलाटावर किती मिनिटं थांबते, सगळं तोंडपाठ आहे."

त्या गंमत करत होत्या, असं मी धरून चालले आहे. सासूबाईंना मात्र मी यातलं काही सांगितलेलं नाही.